पावसाचें गणित आणि यंत्राची निवड



संगणक विकत घेण्यास निघालेला मनुष्य दुकानांत पाऊल टाकतांच जो पहिला प्रश्न विचारतो तो असा कीं, सर्वांत वेगवान् यंत्र कोणतें? दुकानदारहि या प्रश्नाचें उत्तर मोठ्या तत्परतेनें देतो. कारण त्यांत त्याचें हित असतें. वस्तुतः पहिला प्रश्न निराळा असावयास हवा. बैलजोडी घेण्यास निघालेला शेतकरी आपली जमीन काळी कीं मुरमाड, नांगर किती खोल घालावयाचा, याचा विचार घरींच करतो आणि मग बाजाराची वाट धरतो. संगणकाच्या बाबतींत मात्र आधीं यंत्र घरांत येतें, मग त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम चालवावी याची चर्चा होते, आणि ज्या कामासाठीं हा सारा खटाटोप, त्या कामाची आठवण सर्वांच्या शेवटीं होते. हा उलटा क्रम केवळ घरगुती गिऱ्हाइकांचाच आहे असें नाहीं. मोठमोठ्या संस्थाहि त्या मार्गानें गेल्या आहेत, आणि कांहींनीं तो मार्ग प्रयत्नपूर्वक टाळला आहे.

ही हकीगत मी आज हवामानाच्या गणिताच्या अनुषंगानें सांगणार आहें. मनुष्यानें संगणकाकडून जीं कामें करून घेतलीं त्यांत याहून जड काम क्वचितच सांपडेल. शिवाय या इतिहासाचा एक मोठा भाग आपल्या पुण्यांत घडलेला आहे. हवामानखात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें. उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था १९६२ सालीं पुण्यांतच स्थापन झाली. आणि पुढें गणेशखिंडीच्या परिसरांत काय घडलें तें यथाक्रम येईलच. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. यंत्रशास्त्राचा अधिकार माझ्यापाशीं नाहीं. परंतु काळ-काम-वेगाचीं उदाहरणें मीं आयुष्यभर शिकविलीं आहेत, आणि हा विषय अखेरीस काळ-काम-वेगाचाच आहे.

कथेचा आरंभ संगणकाच्या जन्मापूर्वींचा आहे. ल्युइस फ्राय रिचर्डसन नांवाचा एक इंग्रज गणिती पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें रुग्णवाहिका चालवीत होता. तो क्वेकर पंथाचा असल्यामुळें शस्त्र हातीं धरणें त्याला मान्य नव्हतें. जखमी सैनिक वाहून आणण्याच्या कामांतून उसंत मिळे तेव्हां तो कागद-पेन्सिल घेऊन एक विलक्षण गणित सोडवीत असे. २० मे १९१० या दिवसाच्या नोंदींवरून मध्य युरोपांतील हवेचा दाब सहा तासांनंतर किती होईल, हें पदार्थविज्ञानाच्या समीकरणांनीं काढावयाचें, असा त्याचा प्रयत्न होता. उत्तर आलें तें सपशेल चुकीचें होतें. गणितानें दाब १४५ मिलिबारनीं वाढविला. प्रत्यक्षांत तो जवळजवळ होता तेथेंच राहिला होता. तथापि रिचर्डसननें १९२२ सालीं आपल्या पुस्तकांत हें चुकलेलें उत्तर जसेंच्या तसें छापलें, आणि सबंध पृथ्वीचें हवामान त्याच्या बदलाच्या वेगानें मोजीत राहावयाचें तर ६४,००० माणसें एका प्रचंड गोलाकार दालनांत बसवून आंकडेमोड करावी लागेल, असा हिशेब मांडला. या हिशेबाचें महत्त्व पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. यंत्र नव्हतें, यंत्र केव्हां होईल हें ठाऊक नव्हतें. परंतु कामाचें माप मात्र काढून ठेवलेलें होतें.

यंत्र आलें तें दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेंत ॲबर्डीन येथें लष्कराचें एनिआक नांवाचें गणकयंत्र होतें. १९५० च्या वसंत ऋतूंत ज्यूल चार्नी, राग्नार फ्योर्टोफ्ट व जॉन फॉन नॉयमन यांच्या गटानें त्यावर हवामानाचें पहिलें गणित चालविलें. तेहतीस दिवस व तेहतीस रात्री हें काम चाललें होतें. एनिआक बेरजा-गुणाकार झपाट्यानें करी, पण त्याला एका वेळीं अवघ्या वीस संख्या लक्षांत ठेवतां येत. अर्थात् मधलीं सर्व उत्तरें भोकें पाडलेल्या कार्डांवर उतरवावयाचीं, तीं कार्डें माणसांनीं हातानें लावावयाचीं आणि पुन्हां यंत्रांत घालावयाचीं, असा प्रकार होता. सुमारें एक लाख कार्डें खर्चीं पडलीं. चोवीस तासांचा अंदाज काढण्यास चोवीस तास लागले. म्हणजे हवामान आणि गणक बरोबरीनें धांवत होते, आणि शर्यत कोणीच जिंकली नाहीं. परंतु त्या मंडळींना एक गोष्ट समजली. यंत्राची आंकडेमोड जलद असून भागत नाहीं; आंकडे ठेवण्यास जागा आणि ते ने-आण करण्याची वाट तितकीच जलद हवी. आज संगणक घेणारा प्रोसेसरच्या वेगाकडे पाहतो व स्मृतीकडे दुर्लक्ष करतो, तेव्हां मला त्या लाख कार्डांची आठवण होते.

आतां हें काम इतकें जड कां, हें थोडें समजून घेऊं. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक जाळी टाकली आहे अशी कल्पना करा. प्रत्येक चौकटींत हवेचा दाब, उष्णता, आर्द्रता, वाऱ्याची दिशा व वेग मोजावयाचा, आणि थोड्या वेळानें या सर्वांचें काय होईल तें काढावयाचें. आतां चौकटीची बाजू निम्मी केली. पूर्वी एक चौकट होती तेथें चार झाल्या. पण एवढ्यानें सुटका होत नाहीं. चौकट लहान झाली म्हणजे वारा ती लवकर ओलांडतो. म्हणून काळाची पायरीहि निम्मी घ्यावी लागते. चार दुणे आठ. जाळी दुपटीनें बारीक केली कीं काम आठपट होतें. ही आठपट ध्यानांत ठेवावी; पुढें तिच्याशीं गांठ पडणार आहे.

युरोपांतील अनेक राष्ट्रांनीं मिळून १९७५ सालीं मध्यम मुदतीच्या अंदाजासाठीं एक केंद्र काढलें. त्याचें ठाणें इंग्लंडांत रेडिंगजवळ होतें. दहा दिवसांचा अंदाज द्यावयाचा हें त्याचें ध्येय. प्रथम त्यांनीं सी.डी.सी. ६६०० हें त्या काळचें नांवाजलेलें यंत्र वापरलें, तेव्हां दहा दिवसांच्या अंदाजाला बारा दिवस लागूं लागले! उद्यांचा पाऊस परवां सांगणारा हा ज्योतिषी पाहून कोणीहि हंसेल. पण या मंडळींनीं हंसण्यासारखें कांहीं केलें नव्हतें. प्रोग्रॅम बरोबर आहे कीं नाहीं, आणि त्याला नेमका किती वेग हवा, हें त्यांनीं त्या मंद यंत्रावर पडताळून घेतलें. नंतर स्वतःचें यंत्र येण्यापूर्वींच त्यांनीं क्रे-१ जातीच्या दुसऱ्या यंत्रावर आपला प्रोग्रॅम चालवून पाहिला. क्रे-१ ची खुबी अशी कीं तें एकाच जातीचीं चौसष्ट गणितें एका हुकुमांत ओळीनें करी. आणि हवामानाचें गणित म्हणजे तीच क्रिया लक्षावधि चौकटींत पुनःपुन्हां करणें. काम व यंत्र यांची जात जुळली. बारा दिवसांचें काम सुमारें पांच तासांवर आलें, आणि १ ऑगस्ट १९७९ पासून अंदाज नियमितपणें बाहेर पडूं लागले. कंपनीच्या माहितीपत्रकांतील वेगाचे आंकडे पाहून त्यांनीं हा निर्णय केला नव्हता, स्वतःचा प्रोग्रॅम चालवून केला होता. यंत्रखरेदीची याहून चांगली रीत माझ्या वाचनांत आली नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९८७ सालीं मोसमी पावसानें दगा दिला आणि शतकांतील अत्यंत कठीण दुष्काळांपैकीं एक देशावर कोसळला. पावसाचा अंदाज अधिक मुदतीचा व अधिक भरंवशाचा हवा, ही निकड तेव्हां दिल्लींतील राज्यकर्त्यांनाहि जाणवली. त्यापूर्वींच अमेरिकेकडे महासंगणकाची मागणी गेलेली होती. आपण क्रे एक्स-एम.पी./२४ मागितला, मिळाला तो एक्स-एम.पी./१४. या आंकड्यांतच सारा अर्थ आहे. पहिला आंकडा प्रोसेसरांचा, दुसरा स्मृतीचा. दोन प्रोसेसर मागितले, एक दिला. शिवाय त्याचा उपयोग हवामानाखेरीज दुसऱ्या कामाकडे होतां कामा नये, ही अट आणि तीवर देखरेख. विकत घेतलेल्या बैलावर विकणाऱ्याचा राखणदार बसावा, तशी ही गोष्ट होती, आणि ती अनेकांच्या मनाला लागली. तथापि यंत्र निरुपयोगी होतें असें मुळींच नाहीं. १९८८ सालीं दिल्लीस मध्यम मुदतीच्या अंदाजाचें राष्ट्रीय केंद्र निघालें आणि या क्रेवर तेथील काम सुरू झालें. त्याची स्मृति चाळीस लाख शब्दांची, म्हणजे आजच्या मापानें बत्तीस मेगाबाइट. आपल्या खिशांतील फोनमध्यें याच्या शेंकडोंपट स्मृति असते!

त्या केंद्राचा प्रोग्रॅम टी-८० या नांवानें ओळखला जाई. त्याची चौकट सुमारें दीडशे किलोमीटरची होती. महाराष्ट्राच्या दृष्टीनें याचा अर्थ काय होतो तो पाहा. मुंबई आणि पुणें यांमधील सरळ अंतर सुमारें एकशें वीस किलोमीटर. म्हणजे कोंकणची किनारपट्टी, सह्याद्रीचा कडा आणि देशावरील पठार हीं तिन्हीं एकाच चौकटींत येऊन बसतात व त्यांची सरासरी निघते. महाबळेश्वरीं वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पंचवीसएक किलोमीटरांवर वाईला त्याचा लहानसा अंश. यंत्राच्या दृष्टीस मात्र ना महाबळेश्वर ना वाई. एक बोथट उंचवटा तेवढा दिसे. ज्या डोंगरामुळें आपला पाऊस असा विभागला जातो तो डोंगरच गणितांत सपाट झालेला. हा दोष शास्त्रज्ञांचा नव्हता. जाळी बारीक करावी तर काम आठपट, आणि प्रोसेसर एकच.

याच सुमारास, १९८८ सालीं, पुण्यांत सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे पहिले सूत्रधार डॉ. विजय भटकर, आपल्या अकोला जिल्ह्यांतले. तीन वर्षांत देशी महासंगणक उभा करावयाचा, हें काम त्यांच्याकडे सोंपविलें होतें. क्रेसारखा एक महाबलाढ्य प्रोसेसर घडविणें आपणांस शक्य नव्हतें. तेव्हां भटकर व त्यांचे सहकारी यांनीं निराळी वाट धरली. इंग्लंडांतील इन्मॉस कंपनी ट्रान्सप्युटर नांवाचा लहान प्रोसेसर करीत असे. त्याला चार तारा जोडण्याची सोय मुळांतच असल्यामुळें एक ट्रान्सप्युटर शेजारच्या चौघांशीं थेट बोलूं शके. असे चौसष्ट, प्रसंगीं दोनशें छप्पन्न, ट्रान्सप्युटर गुंफून १९९१ सालीं परम-८००० सिद्ध झाला. त्याच सालीं एक यंत्र मॉस्कोलाहि गेलें. ज्यांना विकत मिळत नव्हतें त्यांनीं करून दाखविलें, या आनंदाचें मोल मी कमी लेखीत नाहीं. परंतु इतिहास सांगतांना पुढचीहि गोष्ट सांगितली पाहिजे.

शाळेंत आपण उदाहरण घालतों कीं दहा मजूर एक भिंत दहा दिवसांत बांधतात, तर वीस मजूर किती दिवसांत बांधतील? मुलें झटकन् पांच म्हणतात, आणि मास्तर बरोबरची खूण करतो. परंतु या उदाहरणांत एक गृहीत लपलेलें असतें. मजुरांनीं एकमेकांशीं कांहीं बोलावयाचें नाहीं, एकानें दुसऱ्याची वाट पाहावयाची नाहीं. हजार मजूर लावले तर भिंत दोन तास चोवीस मिनिटांत उभी राहील काय? जीन ॲम्डाल या अमेरिकन यंत्रज्ञानें १९६७ सालीं हा मुद्दा नेमकेपणानें मांडला. शंभर दिवसांच्या कामांतील दहा दिवसांचा भाग जर एकानेंच करण्याजोगा असेल, तर कितीहि मजूर आणा, काम दहा दिवसांच्या आंत संपणार नाहीं. टी-८० सारख्या प्रोग्रॅममध्यें तर आणखी एक अडचण होती. त्यांत साऱ्या पृथ्वीवरील हवेचें चित्र लाटांच्या बेरजेंत मांडलेलें असतें, आणि एकेक लाट सबंध पृथ्वीभर पसरलेली असल्यामुळें प्रत्येक प्रोसेसरला दर पायरीवर इतर सर्वांकडून आंकडे मागवावे लागतात. चार शेजाऱ्यांपुरत्या ज्याच्या तारा, त्याला साऱ्या गांवाशीं बोलावयास लावलें तर निरोप घरोघर फिरत जाणार. शिवाय क्रेसाठीं लिहिलेला प्रोग्रॅम अनेक प्रोसेसरांत वांटून देण्याकरितां तो उलगडून पुन्हां विणावा लागे. पुण्याची सी-डॅक, बंगळूरची राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा व मुंबईचें भाभा अणुसंशोधन केंद्र, अशा अनेक संस्थांनीं १९९० नंतरच्या दशकांत हा टी-८० आपापल्या यंत्रांवर बसविण्याचे कष्ट घेतले. यंत्र उभें करण्यास तीन वर्षें पुरलीं. प्रोग्रॅमची घडी बदलणें हें त्याहून लांबचें काम ठरलें.

येथें माझ्या मतें या साऱ्या इतिहासाचें मर्म आहे. यंत्राचें आयुष्य पांच-सात वर्षांचें असतें. प्रोग्रॅम मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतो. फोर्ट्रान भाषेंत लिहिलेल्या हवामानाच्या प्रोग्रॅमांचे मूळ पुरुष कधींच निवृत्त झाले, आणि ओळी अजून चालतच आहेत. घरांतील वडील माणूस कोण, हें ओळखून बाकीची व्यवस्था लावावी लागते. ट्रान्सप्युटरचें काय झालें पाहा. इन्मॉस कंपनी १९८९ सालीं दुसऱ्या हातीं गेली. पुढच्या ट्रान्सप्युटरचा गाजावाजा पुष्कळ झाला, पण तो वेळेवर बाजारांत आला नाहीं आणि ती जातच संपली. सी-डॅकनें हा धडा लवकर ओळखला, हें तिच्या धुरीणांना भूषणावह आहे. १९९४ च्या परम-९००० पासून त्यांनीं विशिष्ट प्रोसेसरशीं जखडलेली रचना सोडली. स्पार्क जातीचे बाजारांत सहज मिळणारे प्रोसेसर घेतले, आणि उद्यां ते बदलावे लागले तरी बाकीची मांडणी राहावी अशी योजना केली. १९९८ सालचा परम-१०००० त्याच वाटेनें गेला.

आतां ऑपरेटिंग सिस्टिमकडे येऊं. संस्थानाला जसा कारभारी, तशी यंत्राला ऑपरेटिंग सिस्टिम. स्मृति कोणाला किती द्यावयाची, कोणत्या प्रोग्रॅमनें केव्हां चालावयाचें, आंकडे कोठें ठेवावयाचे, हें सारें ती ठरविते. राजा पराक्रमी आणि कारभारी नवखा असला तर काय होतें याचीं उदाहरणें संगणकांच्या इतिहासांत पुष्कळ आहेत. पहिलें क्रे-१ १९७६ सालीं अमेरिकेंतील लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेंत गेलें. तेथील मंडळींनीं त्यासाठीं डेमॉस नांवाची अगदीं नवी ऑपरेटिंग सिस्टिम रचण्याचें मनावर घेतलें. पुढें तो नाद सोडून लिव्हरमोर प्रयोगशाळेची तयार सिस्टिम त्यांना घ्यावी लागली. आपल्याकडेहि परमच्या आरंभीच्या यंत्रांवर पारस नांवाची स्वतंत्र व्यवस्था होती. स्पार्कच्या काळांत सोलारिस आली. २००३ च्या परम-पद्मवर आय.बी.एम.ची ए.आय.एक्स. आली. दर वेळीं कारभारी बदलला कीं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांस नव्या दप्तराची ओळख करून घेणें भाग.

कारभारी केवळ ओळखीचा असून चालत नाहीं, तो मितभाषीहि हवा. याची एक नमुनेदार हकीगत त्याच लॉस ॲलामॉसची आहे. तेथें क्यू नांवाच्या महासंगणकांत ८,१९२ प्रोसेसर होते; चार-चारांचा एक गट. यंत्र नवें, महाग, आणि तरीहि सेज नांवाचा त्यांचा प्रमुख प्रोग्रॅम हिशेबापेक्षां फारच मंद चाले. गंमत अशी कीं प्रत्येक गटांतील एक प्रोसेसर रिकामा ठेवला आणि तिघांनाच काम दिलें, तर तें चौघांहून लवकर उरके! तेथील तीन शास्त्रज्ञांनीं, पेट्रिनी, कर्बिसन आणि पाकिन यांनीं, शोध केला व २००३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. दोष यंत्रांत नव्हता. ऑपरेटिंग सिस्टिमचीं बारीकसारीक घरकामें, नोंदी ठेवणें, विचारपूस करणें वगैरे, मधूनच एखाद्या प्रोसेसरला क्षणभर थांबवीत. शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेंत एक मुलगा बुटाची नाडी बांधण्यास वांकला तर सारी रांग थांबते. तो उठतो तों दुसऱ्याची नाडी सुटते. हजारों प्रोसेसर दर पायरीला एकमेकांची वाट पाहत असल्यामुळें प्रत्येकाचा क्षणभराचा खोळंबा सर्वांचा खोळंबा होई. तीं घरकामें कमी करून नीट लावून दिल्यावर, एकहि नवा भाग विकत न घेतां, सेजचा वेग सुमारें दुप्पट झाला. अर्ध्या यंत्राची किंमत कारभाऱ्याच्या बडबडीनें खाल्ली होती, असेंच म्हणावयाचें.

या पार्श्वभूमीवर लिनक्सचा उदय समजतो. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यानें १९९१ सालीं तिचा पाया घातला. १९९४ सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेंत थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनीं सोळा साधे प्रोसेसर लिनक्सवर एकत्र जोडून बेओवुल्फ नांवाचें स्वस्त यंत्र उभें केलें. तेव्हां मोठ्या कंपन्यांना तो पोरखेळ वाटला असल्यास नवल नाहीं. परंतु नोव्हेंबर २०१७ च्या यादीपासून जगांतील पहिल्या पांचशें महासंगणकांवर, एकूण एक, लिनक्सच आढळूं लागली. ती फुकट मिळते हें त्याचें एक कारण खरें. पण मुख्य कारण तें नव्हे. तिचा मूळ मजकूर उघडा असल्यामुळें नको तो भाग छाटतां येतो आणि कारभाऱ्याची बडबड बंद करतां येते. दुसरें असें कीं संशोधकाच्या टेबलावरील लहान यंत्रावर आणि दालनभर पसरलेल्या महासंगणकावर एकच कारभारी असला म्हणजे घरीं लिहिलेला प्रोग्रॅम तेथें नेतां येतो. वडील माणसाला घर बदललें तरी ओळखीचें वाटतें.

मात्र यावरून उठसूट सर्वांनीं लिनक्स घ्यावी असा अर्थ कोणीं काढूं नये. एखाद्या छापखान्याचें अक्षरजुळणीचें सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल, तर त्या छापखान्याच्या मालकाला लिनक्सचे गुण ऐकवून काय उपयोग? त्याचें काम तेथें बांधलेलें आहे. त्याचा कारभारी त्या कामानेंच ठरविला. क्रम तोच आहे, उत्तर तेवढें निराळें.

यानंतरची हकीगत झपाट्यानें सांगतां येईल, कारण ती ताजी आहे. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंत प्रथम पृथ्वी, नंतर आदित्य नांवाचे महासंगणक आले. ८ जानेवारी २०१८ रोजीं तेथें प्रत्यूष सुरू झाला. त्याचा वेग ४ पेटाफ्लॉप, म्हणजे चारावर पंधरा शून्यें मांडावीं इतकीं गणितें एका सेकंदांत. त्याचा जोडीदार मिहिर नोएडास, २.८ पेटाफ्लॉपचा. दोन्हीं यंत्रें क्रे कंपनीचीं. तिसाएक वर्षांपूर्वीं याच नांवाच्या यंत्रावर राखणदार बसला होता, हें जुन्या मंडळींना आठवलें असेल. प्रत्यूषच्या गणना करणाऱ्या भागांवर जी ऑपरेटिंग सिस्टिम होती ती लिनक्सच, पण छाटून हलकी केलेली. याच्या बळावर त्या वर्षीं चौकट बारा किलोमीटरवर आली. २६ सप्टेंबर २०२४ रोजीं पाषाणला अर्क आला, ११.७७ पेटाफ्लॉपचा, आणि नोएडास अरुणिका, ८.२४ चा. २६ मे २०२५ रोजीं भारत फोरकास्ट सिस्टिम नांवाचा नवा प्रोग्रॅम अर्पण झाला. त्याची चौकट सहा किलोमीटरची.

आतां ती आठपट आठवा. बाराचे सहा केले, म्हणजे नियमाप्रमाणें काम आठपट. यंत्र मात्र चारावरून पावणेबारावर गेलें, म्हणजे तिप्पटीहून थोडें कमीच. मग उरलेली भरपाई कोठून झाली? ती प्रोग्रॅमकडून झाली. पूर्वींच्या जाळींत ध्रुवांजवळ बिंदूंची निष्कारण दाटी होत असे. जेथें पाऊसपाण्याची चिंता करणारा कोणी नाहीं तेथें यंत्र घाम गाळी. नव्या प्रोग्रॅममध्यें लाटांची संख्या पूर्वींचीच ठेवून जाळीचे बिंदू अष्टफलकाच्या धर्तीवर मांडले, त्यामुळें ते पृथ्वीभर अधिक समान पसरले आणि आपल्या उष्णदेशीय पट्ट्यांत चौकट बारीक झाली. पुण्यांतील शास्त्रज्ञांनीं यंत्राची मागणी करतांना जाळीचाहि विचार केला होता, म्हणून हा हिशेब जमला.

महाबळेश्वर आणि वाई आतां एका चौकटींत नाहींत. दोहोंमध्यें चार चौकटी बसतात, आणि पसरणीचा घाट त्यांतल्या एका-दोहोंत मावतो. घाटमाथ्यावरचा पाऊस उतरणीला कसा ओसरतो हें दाखविण्यास चार चौकटी थोड्याच. पुढची पायरी तीन किलोमीटरची धरली, तर पाषाणच्या मंडळींना पुन्हां आठपटीचा हिशेब मांडावा लागेल.